सियाचीनमधला 'सिया'

आमच्या घरी एक जुनं अंतर्देशीय पत्र जपून ठेवलंय. निळा कागद, घड्यांवर विरलेला, पाठवणाऱ्याच्या जागी आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव, त्यांचा नंबर आणि खाली '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस, बस्स. फौजीच्या घरात वाढलेल्यांना हा पत्ता वेगळा सांगायला नको, माणूस नक्की कुठेय ते कळायचं नाही पण पत्र बरोबर पोचायचं. साल १९९१, मी चौथीत होते. त्या पत्राच्या घडीत एक फूल आलं होतं, दाबून चपटं झालेलं, पाच पाकळ्यांचं, आमच्यापर्यंत येईतो त्याचा रंग चहाच्या डागासारखा झाला होता. हे इकडच्या रानातल्या गुलाबाचं फूल आहे असं आप्पांनी लिहिलेलं. आईने ते उचलून पोथीत ठेवलं, अजून तिथेच आहे, फक्त आता चारच पाकळ्या उरल्यात.

सुट्टीवर आल्यावर आप्पा ओसरीवर बसून सांगायचे, "सियाचीन म्हंजी गुलाबाची जागा. तिथली माणसंच म्हंत्यात तसं." चुलते म्हणायचे, दादा बर्फात कुठला आलाय गुलाब. आमच्या साताऱ्याकडे फौजी काय कमी नाहीत, पण तिकडून आलेल्या सगळ्यांच्या गोष्टी बर्फाच्या, बोटं काळी पडल्याच्या, बंकरमधल्या रॉकेलच्या काजळीच्या. गुलाब कुणाच्याच गोष्टीत नव्हता. त्यामुळे मी पण मनाशी धरून चालले होते की एखाद्या साहेबाच्या बंगल्यातनं फूल तोडलं असेल आणि आईला बरं वाटावं म्हणून असं लिहिलं असेल.

ती गोष्ट शब्दन् शब्द खरी होती हे कळायला मला तीसेक वर्षं लागली, म्हणून आज लिहायला बसलेय.

गेल्या जूनच्या शेवटी आम्ही तिघं, मी, नवरा आणि लेक, लडाखला गेलो. दोन दिवस लेहमध्ये नुसतं पडून राहिलो (हे कराच, उगाच हिरोगिरी नको, विरळ हवा कुणाचंच ऐकत नाही), मग खारदुंगला हा उंच घाट ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरलो. खारदुंगला ५३५९ मीटर आणि खाली दिस्कित गाव साधारण ३०००, म्हणजे एका दिवसात बर्फातनं थेट वाळूत. लेहला वर्षभरात मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आमच्या महाबळेश्वरला तेवढा पावसाळ्यातल्या एका दुपारी होतो. सगळा डोंगर उघडा, राखाडी, तपकिरी, मधेच जांभळट, आणि जिथे पाण्याचा पाट असेल तिथेच हिरवं.

सुमूरहून पनामिककडे जाताना रस्त्याच्या कडेला दगडांची कोरडी गडगी होती, चुना नाही माती नाही, नुसते दगडावर दगड रचलेले, आणि त्या गडग्यावरून बाहेर झुकलेली झुडपं गुलाबी फुलांनी अशी लगडलेली की मी ओरडलेच गाडी थांबवा म्हणून. ड्रायव्हरदादा आधी म्हणाले मॅडम आगे बहुत हैं, थांबवली मात्र लगेच. उतरले, जवळ गेले, आणि पहिल्यांदा काय केलं तर पाकळ्या मोजल्या. पाच.

मी अकरावी-बारावीला बायो शिकवते त्यामुळे जरा नीट सांगते, राग मानू नका. ह्या गुलाबाचं शास्त्रीय नाव रोझा वेबियाना, वेब नावाच्या सर्व्हे करणाऱ्या इंग्रज कॅप्टनवरून पडलेलं. झुडूप माझ्या डोक्याएवढं, काही त्याहून उंच. पान म्हणजे पाच, सात, नऊ बारीक पानांची रांग, एकेक पान बोटाच्या नखाएवढं आणि गोलसर, आपल्या देशी गुलाबाचं पान ह्याच्यासमोर धटिंगण वाटेल. काटे गवताच्या रंगाचे, एकदम सरळ, पानाच्या खाली बरेचदा जोडीने. फांदीवरचा काटा अंगठ्याने आडवा ढकलला तर टक करून निघून येतो आणि मागे चपटा वण राहतो, कारण गुलाबाचा काटा सालीचा असतो, फांदीच्या आतून आलेला नसतो. लिंबोणीचा काटा असा ढकलून बघा, बोट फुटेल पण काटा हलणार नाही. वर्गात हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते, इथे माझ्या लेकाने स्वतः करून बघितलं आणि दुसऱ्याच फांदीला अडकून शर्ट फाडून घेतला तो भाग वेगळा.

फूल फांदीवर एकेकटं, साधारण जुन्या रुपयाहून मोठं, गडद गुलाबी, मधे पांढुरकं होत गेलेलं आणि पार आत पिवळ्या केसरांचा झुबका. आपल्याला गुलाब म्हणजे पाकळ्यांवर पाकळ्या एवढंच माहिती, पण त्या जादा पाकळ्या म्हणजे मुळात केसरच, माणसाने वर्षानुवर्षं निवडून निवडून केसरांच्या पाकळ्या करून घेतल्यात. रानातल्या गुलाबाला केसर हवेत, मधमाशी यायला हवी, त्यामुळे पाच पाकळ्यांवर त्याचं भागतं. वास गुलाबाचाच, पण हारातल्या गुलाबासारखा नाही, हलका, थोडा सफरचंदाकडे झुकणारा (हा माझ्या नाकाचा अंदाज, नवऱ्याला काहीच वास आला नाही).

आणि ह्याचं तिथलं नाव सिया. ड्रायव्हरदादांनी सहज सांगितलं, "ये सिया है मॅडम, सियाचीन वाला सिया." मी तिथेच गडग्याला टेकून उभी राहिले. बाल्टी आणि लडाखी बोलीत सिया म्हणजे हा रानगुलाब आणि चेन म्हणजे ज्याच्याकडे ते भरपूर आहे ते. गुलाबाने भरलेली जागा. ७६ किलोमीटर लांब हिमनदी, तिच्या तोंडातून नुब्रा नदी निघते, आणि त्या नदीच्या काठाने खालच्या खोऱ्यात ही झुडपं. बर्फावर नाहीत हो, बर्फाच्या पायथ्याशी. वर चढणाऱ्याला शेवटचं हिरवं दिसतं ते हे आणि महिन्यांनी खाली उतरणाऱ्याला पहिला रंग दिसतो तो हाच. आप्पांना तो उतरताना दिसला होता.

१३ एप्रिल १९८४ ला आपलं सैन्य तिथे वर गेलं, ऑपरेशन मेघदूत, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहिती असतं. पण नावाचा अर्थ कुणी सांगत नाही आणि मला वाटतं सांगायला हवा. जिथे आपली माणसं उभी आहेत त्या जागेला तिथल्या लोकांनी गुलाबावरून नाव दिलंय ही काही छोटी गोष्ट नाही.

आम्ही होमस्टेला राहिलो होतो, तिथल्या आजींना सगळे आबी-ले म्हणत होते. आबी म्हणजे आजी आणि ले म्हणजे आपल्या जी सारखं, मान द्यायला. मी मोडक्या हिंदीत सियाबद्दल विचारलं तर त्यांनी सुनेला हाक मारली आणि एक पत्र्याचा डबा आणायला लावला. आत सुकलेली फळं, सुकून काळपट लाल झालेली, अंगठ्याच्या पेराएवढी, सुरईच्या आकाराची, तोंडाशी सुकलेल्या हिरव्या पाकळ्यांचा शेंडा तसाच. बाहेर झुडपांवर पण मागच्या वर्षीची काही फळं अजून लटकत होती, फुलांच्या शेजारी. नवीन फळं ऑगस्ट-सप्टेंबरकडे पिकून लालभडक होतात. लेक म्हणाला ह्याचाच ज्यूस आपण लेहला प्यायलो ना, तर नाही, तो सीबकथॉर्न, बारीक नारिंगी दाण्यांचा, लेह बेरी म्हणून विकतात तो, वेगळं झाड. दोघांची झुडपं काटेरी आणि शेजारी शेजारी वाढतात त्यामुळे गल्लत होते.

आबी-लेंनी एक फळ नखाने फोडून दाखवलं. आत टणक पिवळट बिया आणि त्यांच्याभोवती बारीक केस. मला हातानेच खूण करून दाखवलं, हे केस घशात गेले तर खाज, मग खोकून खोकून दाखवलं, लेक खूप हसला. शेळ्यामेंढ्या राखणारी पोरं ओली फळं खातात ती बाहेरचा गर तेवढा दातांनी ओरबाडून, आतलं फेकून. (पुन्हा बायो: लाल भाग हे खरं फळच नाही, तो फुलाच्या बुडाचा फुगलेला पेला, आतल्या त्या टणक बिया म्हणजे खरी फळं.) मग त्यांनी मूठभर सुकी फळं खलबत्त्यात जाडसर ठेचली, गरम पाण्यात टाकून झाकून ठेवली, आणि फडक्यातून गाळून दिली. फडकं महत्त्वाचं, चहाच्या गाळणीतनं केस खाली येतात. रंग फिक्या कोकम सरबतासारखा, चव आंबटगोड, शेवटी जरा तुरट. मी साखर न घालता दोन पेले प्यायले.

ह्या फळांत क जीवनसत्त्व खच्चून असतं. रानगुलाबाच्या ताज्या फळात १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, संत्र्यात ५०च्या आसपास, म्हणजे सरळ आपल्या आवळ्याच्या पंगतीतलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला समुद्रातून संत्री येणं जवळजवळ बंद झालं तेव्हा त्यांनी काय केलं, तर १९४१ मध्ये शाळेतल्या पोरांना आणि बायामाणसांना कुंपणावरच्या रानगुलाबाची (तो त्यांच्याकडचा वेगळा, रोझा कॅनिना) फळं तोडायला लावलं, पहिल्याच वर्षी २०० टन गोळा झाली आणि त्याचं सिरप करून लहान पोरांना चमच्याने पाजलं. सुकवल्यावर आणि उकळल्यावर त्यातलं बरंच जातं हे खरं, म्हणून फळं खळखळ उकळत नाहीत, गरम पाण्यात मुरवतात. आता विचार करा, जिथे हिवाळ्यात घाट बंद, भाजी म्हणजे तळघरातले बटाटे, मुळे, गाजरं आणि सुकवलेला पाला, तिथे एक डबा सुकी फळं म्हणजे काय असेल.

दुसऱ्या दिवशी आबी-लेंच्या ओळखीने एका अमचींकडे गेलो. अमची म्हणजे तिकडचा वैद्य, आणि आपल्या मराठी कानाला तो शब्द ऐकून जे वाटतं ते मला पण वाटलं, आमचीच माणसं! शब्द मूळचा मंगोल भाषेतला, एम म्हणजे औषध. त्यांची विद्या ती सोवा-रिग्पा, म्हणजे तिबेटी वैद्यक. भारत सरकारने तिला २०१० मध्ये आयुर्वेद-युनानीच्या रांगेत अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ मध्ये लेहला राष्ट्रीय संस्था मंजूर केली.

म्हातारे अमची भिंतीला टेकून बसले होते, समोर चामड्याच्या छोट्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीत वेगळी पूड, आणि एक बोटाएवढा चमचा. आधी त्यांनी माझी नाडी बघितली, तीन बोटं ठेवून, दोन्ही हातांची, न बोलता बराच वेळ. माझी आजी ज्या वैद्यबुवांकडे न्यायची ते पण तशीच तीन बोटं ठेवायचे. मग मी सियाबद्दल विचारलं. त्यांच्या पोथीत ह्याचं नाव सेवा, आणि मेंतोक म्हणजे फूल. फुलं सकाळची घ्यायची, सावलीत सुकवायची, उन्हात नाही. फूल त्रिपा आणि लुंग ह्या त्यांच्या दोषांवर. फांदीची बाहेरची साल नाही तर आतली हिरवट साल, ती विषबाधेच्या तापावर आणि छुसेरवर, म्हणजे सांध्यात आणि कातडीखाली जे पिवळं पाणी साठतं असं ते मानतात त्यावर. आणि एकटं सिया सहसा देतच नाहीत, दहा-वीस वनस्पतींच्या गोळीत ते एक असतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं त्यामुळे मी पण सांगते, हे वाचून कुणी साल सोलून काढे करत बसू नका. फळांचा चहा हे घरचं पेय आहे, सालीचं औषध हे अमचीचं काम आहे.

त्रिपा ऐकून मी थबकले. लुंग, त्रिपा, बेकेन, ही त्यांची तीन. वात, पित्त, कफ. अगदी डिट्टो नाही, पण भाऊबंद नक्की. आणि हे असंच जुळलेलं नाही, वाग्भटाचं अष्टांगहृदय अकराव्या शतकात तिबेटी भाषेत गेलं, रिन्चेन झांगपो ह्या मोठ्या भाषांतरकाराच्या हातून, ज्यांचं नाव लडाख-स्पितीतल्या जुन्या गोंपांशी (बौद्ध मठांशी) जोडलेलं आहे. तेच अष्टांगहृदय आपल्याकडची बीएएमएसची पोरं आजही पाठ करतात. आणि त्यावर संस्कृतात भाष्य कुणी लिहिलं, तर देवगिरीच्या यादवांच्या हेमाद्रीने, म्हणजे आपला हेमाडपंत! देवळांवरनं ज्याचं नाव रोज घेतो तोच. एकच ग्रंथ, त्याचं एक टोक देवगिरीला आणि दुसरं टोक बर्फापलीकडे. मला हे सगळं त्या खोलीत बसून जोडलं गेलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

कारण फूल पित्तावर म्हणाले ना अमची, आमच्या आजीचा गुलकंद कशावर होता? चैत्र लागला की आजी देशी गुलाबाच्या पाकळ्या आणायची, कलमी नाहीत, त्या वासाच्या फिक्या गुलाबी. काचेच्या बरणीत पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, पुन्हा पाकळ्या, तोंडाला पांढरं फडकं बांधून गच्चीवर. रोज दुपारी हलवायची ड्यूटी माझी, आणि हलवताना चमचा चाटायची पण. नाक फुटलं, तोंड आलं, लघवीला जळजळलं, की चमचाभर गुलकंद आणि वर थंड दूध. साताऱ्यातल्या म्हातारीने आणि नुब्रातल्या म्हाताऱ्याने गुलाब एकाच कामाला लावलेला. एकीकडे उन्हात मुरवलेला, एकीकडे सावलीत सुकवलेला.

एक गोष्ट मात्र मला तिथे टोचली. रस्त्याकडेला टुरिस्ट गाड्या थांबतात आणि लोक फुलांच्या अख्ख्या फांद्या मोडून घेतात, फोटो काढतात, पुढच्या वळणावर फेकून देतात. आपली मराठी माणसं पण त्यात होती, मी बघितली आणि बोलले पण. जिथे पाण्याच्या थेंबासाठी पाट खणावे लागतात तिथे ते झुडूप माणूसभर व्हायला किती हिवाळे काढत असेल. तिथले लोक वाळलेल्या काटेरी फांद्या गडग्यावर रचतात, शेळ्या आत येऊ नयेत म्हणून, म्हणजे मेलेली फांदी पण ते वाया घालवत नाहीत. फूल एक तोडलंत की त्या सप्टेंबरचं एक फळ गेलं, एवढं साधं गणित आहे.

मी काही तोडलं नाही. खाली पडलेल्या पाकळ्या वेचल्या, आणि निघताना आबी-लेंनी स्वतःहून त्या डब्यातली मूठभर सुकी फळं कागदात बांधून दिली, मी आप्पांचं सांगितलं होतं म्हणून. फौजी? सियाचीन? असं विचारलं आणि दोन्ही हात कपाळाशी नेले.

आप्पा आता ७६ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, बीपी आहे, डॉक्टरांनी उंचावर जायला साफ मनाई केलीय, नाहीतर त्यांना घेऊनच गेले असते. घरी आल्यावर मी पुडी त्यांच्या हातात दिली, काहीच बोलले नाही. त्यांनी चष्मा लावला, फळ उजेडात धरलं, नाकाशी नेलं, आणि म्हणाले, "सिया हाय हे." नाव विसरले नव्हते. मग म्हणाले, खाली उतरलो तेव्हा चार महिने नुसतं पांढरं बघितलेलं, डोळ्याला रंगच सोसंना, आणि पयल्या वळणावर हे फुललेलं. आमच्यातला एक जण तिथंच बसून रडाय लागला. एवढं सांगून थांबले. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आईला पण.

पोथी काढली, जुनं फूल आणि मी आणलेल्या पाकळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. आकार तोच. आई जुन्या फुलाला बोट लावू देत नव्हती, पाचवी पाकळी गळाली तेव्हाच तिने मला झापलं होतं.

फळांपैकी थोडी चहाला ठेवलीत, आप्पा रविवारी एक पेला घेतात, साखर घालूनच. चार फळं मी फोडली, केस धुऊन बिया काढल्या. गुलाबाच्या बीला उगवायच्या आधी थंडी मिळावी लागते, नाहीतर ती झोपलेलीच राहते, म्हणून ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवल्यात, भाजीच्या कप्प्यात मागे. साताऱ्याच्या हवेत ते झाड तगेल का, मला फार आशा नाही, मार्च-एप्रिलचं आमचं ऊन त्याच्या कामाचं नाही. पण आप्पांनी डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पेनाने तारीख घातलीय आणि खाली स्वतःच्या अक्षरात 'सिया, उघडू नये' लिहिलंय, आणि दर दोन-तीन दिवसांनी स्वतःच उघडून बघतात.